ओल्या फळ्यांवरची अक्षरे

फिकट झालेली अक्षरे वाचायची असतील तर पाऊस पडून गेल्यावर यावे, हे मला अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या एका वृद्ध शेतकऱ्याने सांगितले होते. कोरड्या दिवशी जी भिंत नुसत्या करड्या, चिरा पडलेल्या फळ्यांची वाटते, तीच भिजली की उघडे लाकूड पाणी पिऊन गडद होते, रंगाचा उरलासुरला थर मात्र तितके पाणी पीत नाही, आणि पाहता पाहता त्या करडेपणातून एक वाक्य वर येऊ लागते. मी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा नोव्हेंबर सरत आला होता, झाडांची पाने झडून गेली होती, आणि ओहायोतल्याच अथेन्स गावापुढे हमरस्ता सोडून टेकड्यांत शिरणाऱ्या एका अरुंद रस्त्याच्या कडेला मी गाडी थांबवून काचेतून बघत बसले होते. वरून खाली चार ओळी होत्या: ‘च्यू’, ‘मेल पाऊच’, ‘टोबॅको’, आणि त्यांच्याखाली लहान अक्षरांत ‘ट्रीट युवरसेल्फ टु द बेस्ट’. मेल पाऊच तंबाखू चघळा, उत्तमातले उत्तम तेच स्वतःला द्या. त्या दिवसापासून गेली अकरा वर्षे, पानगळ संपल्यापासून वसंताची पालवी फुटेपर्यंतच्या प्रत्येक मोकळ्या शनिवारी, मी कोलंबस शहरातून निघून बार्नच्या या भिंती शोधत फिरते आहे.

‘बार्न’ला मराठीत नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही, कारण आपल्याकडे जी कामे चार ठिकाणी होतात ती इथे एका छपराखाली होतात. ओहायोतले बरेच जुने बार्न टेकडीच्या उतारात बसवलेले असतात. खालच्या अंगाला दगडी जोत्याच्या आत गोठा असतो, आणि वरच्या अंगाने, मातीच्या चढावरून भरली गाडी थेट आत नेता येईल असा मजला असतो, ज्याच्या मधोमध मळणीचे खळे आणि दोन्ही बाजूंना गवताचे माळे असतात. म्हणजे गोठा, खळे, गंजी आणि कणगी अशी चारही एकावर एक रचलेली. तुळया बहुधा ओकच्या, हाताने तासलेल्या; एका लाकडाचे कुसू दुसऱ्याच्या भोकात बसवून वर लाकडी खुंटी ठोकलेली, सांगाड्यात लोखंडी खिळा जवळपास नाही. काही ठिकाणी तुळया अमेरिकन चेस्टनटच्या निघतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत एका बुरशीने या झाडाची जंगलेच्या जंगले मारून टाकली, त्यामुळे तसे लाकूड आता जुन्या इमारतीतूनच मिळू शकते. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण या भिंतींचे पुढे काय होते ते या लाकडाच्या किमतीवर बरेच अवलंबून आहे.

जाहिरातीचा उगम ओहायो नदीच्या काठावरच्या, वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंग या गावी आहे. तिथे ब्लॉक नावाच्या भावांचा सिगार वळण्याचा धंदा होता. सिगार कापताना उरणाऱ्या तुकड्यांना चव लावून ते पुड्यांत भरून चघळण्यासाठी विकावेत, ही कल्पना त्यांना सुचली आणि ‘मेल पाऊच’चा जन्म झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्यांनी शेतकऱ्यांच्या बार्नवर जाहिराती रंगवायला सुरुवात केली. व्यवहार साधा होता. रस्त्याकडे तोंड असलेली भिंत शेतकऱ्याने द्यायची, कंपनीने ती फुकट रंगवून द्यायची आणि वर्षाकाठी एक-दोन डॉलर भाडे द्यायचे. काहींना पैशांच्या जोडीला तंबाखू मिळे, काहींना एखाद्या मासिकाची वर्गणी. पार्श्वभूमी काळी किंवा लाल आणि अक्षरे पिवळी नि पांढरी. शेतकऱ्याला खरे आकर्षण भाड्याचे नव्हते, रंगाचे होते. जवसाच्या तेलात कालवलेला चांगला रंग लाकडावर बसला की ते लाकूड लवकर कुजत नाही, आणि एवढ्या मोठ्या भिंतीला रंग देणे त्याच्या खिशाला झेपणारे नसे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, जेव्हा हा प्रकार ऐन भरात होता, तेव्हा २२ राज्यांत मिळून सुमारे २०,००० बार्नवर ही अक्षरे होती.

त्यांतली पुष्कळशी एकाच माणसाच्या हातची आहेत. हार्ली वॉरिक हे ओहायोचेच, जन्म १९२४ चा. दुसऱ्या महायुद्धातून परत आले तेव्हा घरच्या बार्नवर कंपनीचे रंगारी काम करत होते. घरच्या जर्सी गाई वर्षाचे ३६५ दिवस पिळत राहण्यापेक्षा हे बरे, असे ठरवून १९४६ मध्ये ते त्या रंगाऱ्यांबरोबर निघाले आणि १९९२ पर्यंत थांबले नाहीत. नवी रंगवलेली आणि पुन्हा उजळलेली अशा मिळून सुमारे २०,००० जाहिराती त्यांच्या हातून झाल्या असा त्यांचा स्वतःचा अंदाज होता. ना आखणी, ना साचा. दोरांनी टांगलेल्या फळीवर बसून ते थेट ब्रशने अक्षरे काढत, एका भिंतीला सहा तासांच्या आसपास लागत, आणि सुरुवात कडेपासून नव्हे तर ‘च्यू’ शब्दातल्या ‘ई’ या इंग्रजी अक्षरापासून होई. पहिल्या हजारेक भिंती जरा ओबडधोबड झाल्या, मग हात बसला, असे ते सांगत. त्यांच्या निवृत्तीबरोबर कंपनीनेही ही जाहिरात थांबवली, आणि २००० साली ते वारले. दक्षिणेत हेच काम वेगळ्या कारणासाठी क्लार्क बायर्स यांनी केले. चॅटनूगाजवळच्या रॉक सिटी या डोंगरमाथ्यावरच्या बागेकडे प्रवाशांना बोलावणारी ‘सी रॉक सिटी’ ही अक्षरे त्यांनी १९ राज्यांतल्या सुमारे ९०० बार्नवर लिहिली. तेही कधीतरी पाहायचे आहे. पण माझा जीव व्हीलिंगच्या आसपासच्या टेकड्यांत अडकला तो अडकलाच.

त्याचे कारण मला स्वतःलाही पहिली काही वर्षे कळले नव्हते. एकदा पुण्याला आईशी बोलताना मी तिला फोनवर छायाचित्रे पाठवली. तिने विचारले, “त्यावर लिहिलंय काय गं?” तोपर्यंत मी ते तिला सांगायचे टाळले होते, कारण माझे थोरले मामा तोंडाच्या कर्करोगाने गेले, आणि त्यांच्या उशाजवळची चंची आईनेच विहिरीत टाकली होती. मी खरे ते सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, “दादाच्या गोठ्याच्या भिंतीवर पण होती की जर्द्याची जाहिरात. तू लहान होतीस.” आणि मला ती भिंत एकदम आठवली. नगर जिल्ह्यातल्या त्या गावात दिवाळीच्या आधी सायकलला डबे लावून एक पेंटर यायचा, मामांना विचारून रस्त्याकडची भिंत चुन्याने पांढरी करायचा आणि त्यावर निळ्या-लाल रंगात जाड, गोलाईदार देवनागरी अक्षरे काढायचा. खाली उजव्या कोपऱ्यात स्वतःचे नाव आणि गाव लिहायचा. मामांना पैसे मिळत नव्हते. भिंत फुकट रंगवून मिळे, एक भिंतीवरची दिनदर्शिका मिळे, आणि ते त्यात खूश असत. पुढे त्या भिंतीवर सिमेंटची जाहिरात आली, मग ती भिंतच पाडून नवी बांधली गेली. आईने विचारले, “आपल्याकडे त्या भिंतीचा फोटो असेल का गं कुणाकडे?” कुणाकडेही नव्हता. लग्नाचे फोटो होते, बारशाचे होते, गोठ्याच्या भिंतीसमोर कोण कशाला उभे राहणार?

तंबाखूच्या जाहिरातींवर भारतात २००३ च्या कायद्याने बंदी आली, ती यायलाच हवी होती, आणि अमेरिकेतल्या या भिंतींनीही किती माणसांच्या तोंडात काय घातले असेल याचा विचार मनात आल्याशिवाय मी कॅमेरा डोळ्याला लावत नाही. तरीही ज्याने ते अक्षर काढले त्याचा हात, आणि ज्याने आपली भिंत दिली त्याचे घर, या गोष्टी त्या पुडीपेक्षा मोठ्या आहेत असे मला मनापासून वाटते. मामांच्या भिंतीवरच्या त्या पेंटरचे नाव मला आठवत नाही, याची खंत मला वॉरिक यांचे काम पाहताना दरवेळी होते.

मालकांना भेटायचे असे मी ठरवून सुरू केले नाही. रस्ते इतके अरुंद असतात की गाडी लावायला जागा एकच, ती म्हणजे त्यांचे अंगण. आणि कुणाच्या अंगणात तिकाटणे उभे करायचे तर आधी दार वाजवून विचारायला हवे. पहिल्याच दाराशी मला जो प्रश्न आला तोच नंतर अनेक दारांशी आला: “लाकूड विकत घ्यायला आलात का?” कारण जुन्या बार्नच्या फळ्या आणि तुळया आता उपाहारगृहांच्या आणि श्रीमंत घरांच्या सजावटीसाठी चांगल्या किमतीला जातात, आणि व्यापारी दारोदार हिंडून मालकांना गाठत असतात. मी फक्त छायाचित्र काढायला आले आहे, कोलंबसला राहते आणि मूळची महाराष्ट्रातली आहे, एवढे सांगितले की बहुतेक चेहरे सैल होतात.

पावसानंतर यायला सांगणारे ते शेतकरी पंच्याऐंशीच्या पुढचे होते. त्यांचे घराणे मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे, घरात कुणी तंबाखूला शिवलेले नाही, दारूला नाही, पत्त्यांना नाही. त्यांच्या वडिलांनी १९३० च्या दशकात, मंदीमुळे हाती पैसा नसताना, रंगासाठी म्हणून भिंत दिली. आणि त्यांच्या आईला ते इतके लागले की तिने धुणे वाळत घालायची दोरी त्या बाजूने काढून घराच्या मागे नेली, कारण मुलांचे कपडे त्या शब्दांसमोर वाळलेले तिला चालत नव्हते. दोरीचे दोन्ही खांब अजून मागच्या अंगणात उभे होते. ते मला दाखवताना त्यांनी त्यांतल्या एकावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. “आई जिंकली नाही,” ते म्हणाले, “पण वडील त्या रस्त्याने चर्चला जाताना कधी मान वर करून चालले नाहीत.” मग आता ती अक्षरे पुसून का टाकत नाही, असे मी विचारले. ते म्हणाले, त्या काळ्या रंगानेच भिंत वाचवली, बाकी तीन बाजूंच्या फळ्या त्यांनी आयुष्यात दोनदा बदलल्या.

काउंटी म्हणजे इथला जिल्हा. बेलमाँट काउंटीत, म्हणजे वॉरिक यांच्या स्वतःच्या भागात, एका निवृत्त खाणकामगाराचा बार्न आहे. तीस वर्षे कोळशाच्या खाणीत काढलेला हा माणूस उन्हाचा इतका भुकेला आहे की थंडीतही बाहेरच बसलेला असतो. त्याच्याकडे सहा गाढवे आहेत, प्रत्येकाला त्याने आपल्या जुन्या मुकादमांची नावे दिली आहेत, आणि बार्नच्या आत तुळयांवर जुन्या ट्रॅक्टरांच्या आणि नांगरांच्या ओतीव लोखंडी बैठका टांगल्या आहेत, शंभरावर असतील. प्रत्येक बैठकीवर कारखान्याचे नाव जाळीसारखे कोरलेले असते, आणि फटींतून येणारा उजेड त्या नावांतून पलीकडच्या भिंतीवर पडतो. मी त्या उजेडाचे छायाचित्र घेत असताना तो मला वॉरिक यांच्याबद्दल सांगत होता: ते भिंत रंगवायला आले तेव्हा हा दहा-बारा वर्षांचा होता, खाली उभा राहून डबे वर पाठवायचा, आणि संध्याकाळपर्यंत त्याचे केस पिवळ्या ठिपक्यांनी भरून गेले होते. ते ठिपके आईने कात्रीने कापून काढले, असे सांगताना साठ वर्षांपूर्वीचा तो दिवस त्याच्या चेहऱ्यावर जसाच्या तसा होता.

होम्स काउंटीच्या वाटेवर एका आमिश कुटुंबाच्या मालकीचा एक बार्न मला मिळाला. आमिश हा आधुनिक यंत्रांपासून दूर राहणारा एक ख्रिस्ती पंथ; ते लोक सहसा स्वतःचे छायाचित्र काढू देत नाहीत. मालकाने भिंतीला हरकत घेतली नाही, फक्त घोडागाडी आणि मुले चौकटीत येणार नाहीत एवढे पाहा, असे सांगितले आणि मुलांना हाक मारून घरात नेले. मी काम संपवून आभार मानायला दाराशी गेले तर त्यांच्या पत्नीने मला गरम सफरचंदाची चटणी भरलेली बरणी दिली. त्या भेटीचे माझ्याकडे फक्त त्या भिंतीचे एक छायाचित्र आहे, आणि त्यात कुणीही नाही.

या लोकांना आज या भिंतीबद्दल कुणी काही देत नाही, ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. १९६५ मध्ये, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन यांच्या आग्रहातून, महामार्गांच्या कडेच्या जाहिरातफलकांना आवर घालणारा कायदा झाला आणि बार्नवरच्या जाहिरातींवरही गदा आली. पुढे १९७४ च्या दुरुस्तीने आधीपासून अस्तित्वात असलेल्या, ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाच्या जाहिरातींना, त्यांत शेतीच्या इमारतींवरच्याही आल्या, खुणेची ठिकाणे म्हणून राहू देण्याची वाट मोकळी केली. पण कायदा अक्षरे पुसायला लावत नाही, एवढेच करू शकतो. छप्पर शाकारून देत नाही. बार्नचे आयुष्य त्याच्या छपराइतके असते. एखादा पत्रा वाऱ्याने उचलला गेला की पाणी आधी गवताच्या माळ्यावर पडते, मग तुळईच्या टोकाशी साठते, कुसू कुजते, खुंटी सैल होते, आणि चार-पाच हिवाळ्यांत शंभर वर्षांचा सांगाडा एका बाजूला झुकतो. पत्रे नव्याने घालायचा खर्च लहान शेतकऱ्याच्या वर्षभराच्या मिळकतीला भिडतो, आणि त्या इमारतीचा आता शेतीला उपयोग उरलेला नसतो, कारण गवताचे मोठे गोल भारे तिच्या दारातून आत जात नाहीत आणि आजची यंत्रेही नाहीत. म्हणजे जी भिंत मला रस्त्यावरून दिसते तिच्यामागे दर काही वर्षांनी कुणीतरी घेतलेला एक तोट्याचा निर्णय असतो. कंपनीने ही अक्षरे लिहिली हे खरे, पण गेली तीस वर्षे ती राखली आहेत ती या माणसांनी, स्वतःच्या पैशाने.

काहींनी नवी वाटही काढली आहे. बेलमाँट काउंटीच्याच स्कॉट हेगन या तरुणाने राज्याच्या २००३ च्या द्विशताब्दीसाठी ओहायोच्या ८८ काउंट्यांपैकी प्रत्येकीत एका बार्नवर द्विशताब्दीचे बोधचिन्ह रंगवले, तेही वॉरिक यांच्यासारखेच, कुठलाही साचा न वापरता. २००१ पासून अ‍ॅडम्स काउंटीत डॉना स्यू ग्रोव्ह्ज यांनी गोधड्या शिवणाऱ्या आईच्या मानार्थ बार्नवर गोधडीच्या नक्षीचे रंगवलेले चौकोन लावण्याची चळवळ सुरू केली, आणि ती देशभर गेली. मला गोधड्या आवडतात, पण छायाचित्रासाठी मी वळते ती अजूनही फिकट अक्षरांकडेच.

मन्रो काउंटीतल्या एका बाईंकडे मी सर्वांत जास्त वेळा गेले आहे. त्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, पतीला जाऊन नऊ वर्षे झाली, मुले दूरच्या राज्यांत. त्यांच्या बार्नची भिंत पूर्वेकडे आहे, त्यामुळे मध्यान्हाच्या किंचित आधी ऊन फळ्यांना जवळजवळ समांतर येते आणि रंगाचा राहिलेला थर, नखाएवढ्या जाडीचाही नसताना, आपली सावली टाकतो. त्या उजेडात मी तिथे पाच हिवाळे छायाचित्रे घेतली. व्यापारी त्यांच्याकडे तीनदा येऊन गेले होते. शेवटच्या वेळी सांगितलेला आकडा त्यांनी मला कागदावर लिहून दाखवला आणि तो कागद चुलीत टाकला. त्याच शरद ऋतूत त्यांनी उत्तरेच्या पाख्याचे पत्रे नवे घालून घेतले आणि त्यासाठी खालचे कुरण विकले.

गेल्या मार्चमध्ये मी त्यांच्यासाठी एक मोठे छायाचित्र छापून, चौकट करून नेले. पाच वर्षांतले सर्वांत चांगले होते ते: आदल्या रात्री पाऊस झालेला, फळ्या ओल्या, अक्षरे पिवळी नि स्पष्ट, आणि वळचणीखाली थेंबांची रांग. त्यांनी ते जेवणाच्या टेबलावर ठेवले, चष्मा बदलला आणि जवळ वाकून बराच वेळ पाहिले. मी त्या काय म्हणतात याची वाट पाहत होते. त्यांनी ‘पाऊच’मधल्या ‘ओ’च्या वर, गवत आत घ्यायच्या लहानशा झडपेवर बोट ठेवले.

“हे कधी काढलंत?”

“तीन आठवड्यांपूर्वी.”

“ही उघडी आहे,” त्या म्हणाल्या, आणि उठून भिंतीवरच्या फोनकडे गेल्या. पलीकडच्या शेतात राहणाऱ्या पुतण्याला त्या सांगत होत्या की आज दुपारी पाऊस सांगितला आहे, शिडी घेऊन आत्ताच ये, माळ्यावरची झडप लावायची आहे, तीन आठवडे पाणी आत जाते आहे. फोन ठेवून त्यांनी बूट घातले. मी शिडीचे दुसरे टोक धरायला त्यांच्यामागे निघाले.